चित्रामागची भिंत : उत्खननातील रंगीत गिलावा आणि एटापल्लीचा कूड

१. विषयाचे स्वरूप

रोमन भित्तिचित्रांचा विषय निघाला की अभ्यासकाच्या डोळ्यांपुढे प्रथम पाँपेई उभे राहते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या या नगरातील शेकडो दालनांच्या भिंती आपल्या रंगांसह शाबूत राहिल्या. त्यांच्या आधारे आउगुस्ट माउ या जर्मन विद्वानाने १८८२ मध्ये रोमन चित्रणाच्या चार शैली निश्चित केल्या आणि त्यांचा कालक्रम लावला. ही विभागणी आजही प्रत्येक ग्रंथाच्या आरंभी येते. तथापि पाँपेई हा नियम नव्हे, अपवाद होय. ब्रिटन, गॉल आणि ऱ्हाइनकाठचे प्रदेश यांतील बहुतेक रोमन घरे राखेने झाकली गेली नाहीत. ती ओस पडली, पाडली गेली किंवा पावसाने खचली. तेथे उत्खनकाच्या हाती भिंत येत नाही. हाती येतो तो रंगीत गिलाव्याच्या तुकड्यांचा ढीग. त्यांतील काही तुकडे तळहाताएवढे, पुष्कळसे बोटाच्या पेराएवढे असतात.

अशा प्रत्येक तुकड्यास दोन बाजू असतात. एकीवर रंग असतो. तिला मुख म्हणता येईल. दुसरी बाजू ज्या भिंतीवर गिलावा चढवला होता तिला चिकटलेली होती. ती त्याची पाठ. या अध्ययनाचा इतिहास पाहिला तर असे दिसते की दीर्घकाळ सर्वांचे लक्ष मुखाकडेच होते, आणि त्यामुळे झालेली हानी भरून येण्यासारखी नाही. मुख चित्रकाराची हकीगत सांगते. पाठ घराची हकीगत सांगते. चित्र कोणत्या भिंतीवर होते, ती भिंत कशी बांधली होती, ती केव्हा दुरुस्त झाली आणि कशी पडली, या प्रश्नांची उत्तरे पाठीवर लिहिलेली असतात. ही लिपी वाचावयास शिकण्यासाठी रोमन जगाच्या बाहेरही पाहावे लागते. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली तालुक्यात आढळणारी कुडाची घरे या दृष्टीने किती बोधप्रद आहेत, आणि भाषेचा अभ्यासकही या वाचनास कसा हातभार लावू शकतो, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. रोमन गिलाव्याची घडण

व्हिट्रुव्हियस या रोमन स्थापत्यकाराने इ. स. पूर्व पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात लिहिलेल्या ग्रंथाच्या सातव्या भागात गिलाव्याची कृती दिली आहे. तिच्यानुसार भिंतीवर प्रथम एक ओबडधोबड थर द्यावा, त्यावर चुना व वाळू यांचे तीन थर, आणि त्यांवर चुना व संगमरवराची पूड यांचे तीन थर चढवावेत. इ. स. पहिल्या शतकातील प्लिनी वाळूचे तीन आणि संगमरवराचे दोन थर पुरेसे मानतो. प्रत्यक्ष उत्खननांत मात्र इतके थर क्वचितच आढळतात. प्रांतांतील सामान्य घरांत दोन किंवा तीन थरांवर काम भागविलेले दिसते. शास्त्रग्रंथातील नियम आणि कारागिराचा व्यवहार यांतील हे अंतर लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण तेच अंतर घरधन्याच्या ऐपतीचे माप ठरते.

रंग टिकण्याचे रहस्य चुन्यात आहे. चुनखडी भट्टीत भाजली म्हणजे कळीचा चुना होतो आणि पाण्यात विरवल्यावर त्याचा लगदा बनतो. हा चुना ओला असतानाच त्यावर केवळ पाण्यात कालवलेला रंग दिला, तर वाळताना चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि त्याचे पुन्हा चुनखडीच्या सूक्ष्म स्फटिकांत रूपांतर होते. रंगाचे कण या स्फटिकांत अडकून बसतात. त्यास डिंक किंवा सरस यांची गरज लागत नाही. या पद्धतीस ‘फ्रेस्को’ म्हणतात. या इटालियन शब्दाचा अर्थ केवळ ‘ताजा’ असा आहे. ताजेपणा चित्राचा नव्हे, गिलाव्याचा.

मराठी लेखनात अजिंठ्याच्या चित्रांसही पुष्कळदा ‘फ्रेस्को’ म्हटले जाते. तो प्रयोग शिथिल आहे. मद्रासच्या शासकीय संग्रहालयातील रसायनज्ञ एस. परमशिवन यांनी १९३०च्या दशकात अजिंठ्याच्या गिलाव्याचे पृथक्करण केले. तेव्हा असे निष्पन्न झाले की तेथील कातळावर मातीचे थर आहेत, त्या मातीत वनस्पतींचे तंतू व कोंडा मिसळलेला आहे, वर पांढरा पातळ लेप आहे, आणि रंग चिकटविणाऱ्या द्रव्यात कालवून कोरड्या पृष्ठावर दिलेले आहेत. म्हणजे पाँपेईचा रंग चुन्याने धरला आहे, तर अजिंठ्याचा रंग सरसासारख्या द्रव्याने. दोन्हींकडे गेरू, पिवडी, हिरवी माती व काजळी हे रंग समान असले, तरी त्यांना भिंतीशी जोडणारी युक्ती भिन्न आहे. हा भेद मुखाकडे पाहून उमगत नाही. गिलावा आडवा छेदून त्याचे थर तपासले तरच उमगतो.

३. मुखाचा लोभ

हर्क्युलेनियमचे उत्खनन १७३८ मध्ये आणि पाँपेईचे १७४८ मध्ये सुरू झाले. नेपल्सच्या राजाच्या आश्रयाखाली चाललेल्या या आरंभीच्या कामात भिंतींवरील सुंदर आकृती तेवढ्या कापून काढण्याची आणि चौकटीत बसवून पोर्टिची येथील राजवाड्यातील संग्रहात ठेवण्याची प्रथा होती. आज नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात असलेल्या अनेक चित्रांची हीच कथा आहे. एखादी नर्तकी किंवा पक्षी पाहावयास मिळतो. पण तो कोणत्या दालनात होता, दाराच्या कोणत्या बाजूस होता, त्याच्या भोवती कोणता पट्टा होता, हे कळत नाही. वाक्यातून एकच शब्द कापून काढावा आणि बाकीचा कागद फेकून द्यावा, तसा हा प्रकार होता.

महाराष्ट्रातील उदाहरण याहून निराळे नाही. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. त्यानंतर काही वर्षांतच मुंबईच्या डॉ. जेम्स बर्ड याने सतराव्या लेण्याच्या ओसरीतील चक्रामधील काही आकृती सोलून काढण्याचा यत्न केला. चित्र हाती आले नाही; गिलाव्याची माती मात्र झाली. कातळाला धरून राहिलेला मातीचा लेप हाच चित्राचा देह आहे, हे न ओळखल्याचा तो परिणाम होता.

नकला करणाऱ्यांचा हेतू अर्थातच शुद्ध होता. रॉबर्ट गिल याने १८४४ पासून अनेक वर्षे खपून केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत भस्मसात झाल्या. पुढे १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थी यांनी केलेल्या प्रतिकृतींतील कित्येक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत नष्ट झाल्या. त्या सर्व वाचल्या असत्या तरीही एक उणीव राहिलीच असती : प्रतिकृतीला मुख असते, पाठ नसते.

४. पडलेल्या भिंतीचे उत्खनन

विसाव्या शतकाच्या मध्यास ही दृष्टी पालटू लागली. इंग्लंडमधील व्हेरुलामियम, म्हणजे आजचे सेंट ऑल्बन्स, येथे १९५५ ते १९६१ या काळात शेपर्ड फ्रेर यांनी उत्खनन केले. तेथील घरांच्या भिंती मातीच्या होत्या. त्या कोसळल्या तेव्हा त्यांवरील रंगीत गिलावा जमिनीवर पडला आणि मातीखाली दबला. तो तुकड्यातुकड्यांनी वेचून टोपलीत भरण्याऐवजी ज्या क्रमाने पडला त्याच क्रमाने उचलण्याचे कष्ट घेण्यात आले, आणि नॉर्मन डेव्ही यांनी ते तुकडे जुळवून भिंती व छते पुन्हा उभी केली. जांभळट रंगावर पक्षी असलेले तेथील छत हे या परिश्रमाचे फळ होय. पुढे डेव्ही व रॉजर लिंग यांनी १९८२ मध्ये रोमन ब्रिटनमधील भित्तिचित्रांचा साकल्याने परामर्श घेणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. फ्रान्समध्ये आलिक्स बार्बे यांनी या शाखेस पद्धतीची शिस्त लावून दिली.

या पद्धतीची मुख्य सूत्रे थोडक्यात सांगता येतील. पहिले सूत्र असे की तुकडा उचलण्यापूर्वी त्याचे स्थान व दिशा नोंदवावी. मुख वर होते की खाली, हे त्यात आवर्जून असावे. तुकडे तोंडघशी पडले असतील तर ती भिंत आतल्या बाजूस कलली असे अनुमान निघते. छताचा गिलावा व भिंतीचा गिलावा यांपैकी कोणता खाली सापडतो, यावरून घर मोडण्याचा क्रम ठरतो. दुसरे सूत्र स्वच्छतेसंबंधी आहे. मुख मऊ कुंचल्याने हळुवार साफ करावे, तुकडे उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळवावेत, आणि पाठ घासून सपाट करण्याचा मोह टाळावा. तिसरे सूत्र वर्गीकरणाचे आहे. तुकडे प्रथम रंगावरून नव्हे, तर गिलाव्याच्या घडणीवरून निराळे करावेत : थर किती, त्यांची जाडी किती, वाळू जाड की बारीक, विटेची भुकटी आहे की नाही. एकाच दालनातील तांबडा पट्टा आणि पांढरे छत रंगाने भिन्न असूनही गिलाव्याने भाऊ ठरू शकतात. उलट दोन घरांतील सारखेच तांबडे तुकडे गिलाव्याने परके ठरतात. यानंतर वाळूने भरलेल्या तबकात तुकडे मांडून जुळवणी सुरू होते.

मुखाच्या वाचनासही आता नवी साधने लाभली आहेत. रोमन चित्रकारांचा निळा रंग कृत्रिम होता. वाळू, तांब्याचे खनिज व क्षार एकत्र भाजून तो करीत. हंफ्री डेव्ही या रसायनज्ञाने १८१५ मध्येच त्याचे परीक्षण केले होते. या रंगावर साधा प्रकाश पाडला तर तो डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत चमकतो. या गुणाचा उपयोग करून, साध्या डोळ्यांना न दिसणारा निळ्याचा कणही आज छायाचित्रात टिपता येतो. अजिंठ्याच्या वाकाटककालीन चित्रांतील निळा मात्र लाजवर्दाचा आहे. तो खडा बदख्शानच्या डोंगरांतून येत असे. एक निळा भट्टीतून आला, दुसरा काफिल्यातून. रंगाच्या कणामागेही असा व्यापाराचा व उद्योगाचा इतिहास उभा असतो.

जुळवणीच्या कामात यंत्राचे साहाय्य घेण्याचे प्रयत्नही चालू आहेत. पाँपेई येथे १९४३ मधील बाँबवर्षावात आणि २०१० मध्ये एक इमारत कोसळून चुरा झालेल्या चित्रांचे तुकडे संगणक व यंत्रहस्त यांच्या योगे जुळविण्याचा प्रकल्प युरोपीय संघाच्या साहाय्याने २०२१ मध्ये सुरू झाला. या प्रकल्पात तुकड्याचा संपूर्ण घनाकार, म्हणजे मुख, कडा व पाठ, मोजला जातो. यंत्रास केवळ मुखावर भागत नाही, ही गोष्ट सूचक आहे. लंडनच्या साउथवर्क भागात एका खड्ड्यात टाकून दिलेल्या हजारो तुकड्यांतून सुमारे वीस भिंतींची चित्रे जुळविल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले. ते काम मात्र मुख्यतः मनुष्याच्या डोळ्यांनी व धीरानेच तडीस नेले.

५. पाठीचे वाचन

पाठीवर काय आढळते? भिंत विटेची असल्यास विटांचे सांधे उमटलेले दिसतात. भिंत दगडी असल्यास गिलावा दगडांच्या फटींत शिरून त्याची पाठ उंचसखल होते. समांतर, गोलाकार पन्हळी दिसल्या तर तो गिलावा बहुधा छताचा असतो. कारण रोमन कारागीर लाकडी सांगाड्याखाली बोरूच्या जुड्या बांधून त्यांवर छताचा गिलावा चढवीत. काही तुकड्यांच्या पाठीवर उठावाच्या नागमोडी रेघा आढळतात. मातीची भिंत ओली असताना तिच्यावर नक्षीचा रूळ फिरवून खाचा पाडलेल्या असत, म्हणजे चुन्याचा थर त्यांत पकड घेई. त्या खाचांचा हा उलटा ठसा होय. कधी एका रंगीत पृष्ठावर दुसरा गिलावा चढलेला असतो आणि खालच्या पृष्ठास जात्याला टाकी लावावी तसे टोचे मारलेले असतात. जुन्या चित्रावर नवे चित्र काढण्यापूर्वीची ती तयारी होती. घरास नवा धनी मिळाला, ऐपत वाढली किंवा आवड पालटली, एवढे त्यावरून निश्चित कळते.

या सर्वांत अधिक बोलकी पाठ कुडाच्या भिंतीची. रोमन जग दगडविटांचे होते हा समज अर्धाच खरा आहे. हर्क्युलेनियम येथे लाकडी चौकटींत भरलेल्या हलक्या भिंतींचे एक घर प्रत्यक्ष उभे आहे. व्हिट्रुव्हियसला या प्रकारच्या भिंती मुळीच पसंत नव्हत्या. त्या कधी शोधल्याच गेल्या नसत्या तर बरे, त्या मशालीसारख्या पेटतात, आणि आतील लाकूड फुगून आखडल्यामुळे त्यांवरील गिलाव्यास चिरा जातात, अशी तक्रार तो करतो. परंतु लोक त्या बांधणारच हे ओळखून, चिरा पडू नयेत म्हणून मातीवर बोरू आडवेउभे खिळ्यांनी ठोकून मग गिलावा कसा चढवावा, याची कृतीही तोच देतो. त्याच्या तक्रारीतच सामान्य माणसाच्या घराचा पुरावा दडलेला आहे.

आता अडचण अशी की कुडाची भिंत जमिनीत सहसा टिकत नाही. लाकूड कुजते, माती मातीला मिळते. उरतो तो गिलाव्याच्या पाठीवरचा ठसा, अथवा आगीत भाजून कठीण झालेला मातीचा लपका. हा ठसा वाचावयाचा तर कुडाची भिंत जिवंत असताना कशी असते हे माहीत असावे लागते.

६. एटापल्लीचा कूड

एटापल्ली हा गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्वेकडील, छत्तीसगडच्या सीमेला लागून असलेला अरण्यमय तालुका. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा निर्माण होण्यापूर्वी तो चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. येथील वस्ती मुख्यतः माडिया गोंडांची असून त्यांची माडिया बोली द्राविडी कुलातील आहे. गावाच्या नावातील ‘पल्ली’ हा अंशही द्राविडी असून त्याचा अर्थ वस्ती किंवा खेडे असा आहे. शेजारच्या आलापल्लीतही तो दिसतो. साग आणि बांबू ही या अरण्याची संपत्ती, आणि घराची सामग्रीही तीच.

कुडाच्या घराची रचना साधी असते. लाकडी खांब जमिनीत पुरतात. त्यांच्यामध्ये उभ्या काठ्या रोवून बांबूच्या चिरलेल्या कांबी आडव्या विणतात, किंवा विणलेली तट्टीच बांधतात. मग धानाचे तणस व कोंडा घालून तुडवलेली माती दोन्ही बाजूंनी हातांनी थापतात. वाळल्यावर त्यावर बारीक मातीचा हात, त्यावर शेणमातीचे सारवण, आणि कोठे पांढऱ्या मातीचा पोतारा. पावसाळा संपला की धुपलेली भिंत पुन्हा लिंपली जाते. हे काम मोठ्या प्रमाणावर स्त्रिया करतात, आणि बोटांचे फराटे व तळव्याचे ठसे भिंतीवर राहतात.

रोमन गिलाव्याच्या अभ्यासकाने अशा भिंतीपुढे काही वेळ उभे राहावे. जेथे लिंपण गळून पडले असेल तेथील लपका उचलून त्याची पाठ पाहिली असता कांबींचे ठसे ओळीने उमटलेले दिसतात. कांब चिरलेली असल्यामुळे तिची एक बाजू सपाट व दुसरी गोलाकार असते. ठसा सपाट की पन्हळीसारखा, यावरून कांबीची कोणती बाजू मातीकडे होती हे सांगता येते. आडव्या व उभ्या ठशांतील फरकावरून विणीची दिशा ठरते, आणि विणीवरून तुकडा भिंतीत उभा होता की आडवा हेही ठरते. जुळवणी करणाऱ्यास याहून मोलाचा संकेत दुसरा नाही. कारण एकरंगी तुकड्याच्या मुखावर वरखाली ओळखण्याची काहीच खूण नसते. दुसरी गोष्ट मोडण्याची. कुडाची भिंत वरून ढासळत नाही. छपराची वळचण गळू लागली की पायथ्याशी पाणी मुरते, तेथील लिंपण प्रथम सुटते, काठ्यांचे बुडखे कुजतात, आणि वरचा भाग पुष्कळदा एकसंध कलतो. व्हेरुलामियमसारख्या स्थळी गिलावा मोठ्या पट्ट्यांनी तोंडघशी का पडलेला सापडतो, याचे एक सयुक्तिक स्पष्टीकरण येथे मिळते.

तिसरी गोष्ट थरांची. दरसालच्या सारवणाने भिंतीवर पापुद्र्यांवर पापुद्रे चढतात. तुर्कस्तानातील चाताल-ह्युयुक या नवाश्मयुगीन स्थळी भिंतींवर असे शेकडो पापुद्रे मोजले गेले आहेत, आणि त्यांतील काहींवर चित्रे आहेत. पापुद्रा म्हणजे वर्ष असे समीकरण मांडण्याचा मोह तेथे होतो. एटापल्लीची भिंत सावध करते. सण, लग्नकार्य, मृत्यू किंवा अतिवृष्टी या निमित्तांनी एकाच वर्षात दोन हात चढू शकतात आणि एखादे वर्ष कोरडेही जाऊ शकते. पापुद्रे घरातील प्रसंग मोजतात. वर्षे मोजतीलच असे नाही.

महाराष्ट्राच्या पुरातत्त्वाला हा धडा परका नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची घरे उघडकीस आली. मातीची ठेंगणी भिंत आणि तिच्यावर कुडाचे बांधकाम, ही त्यांची रचना सद्यःकालीन घरांशी ताडूनच समजून घेता आली. लेपातील तंतूंचेही असेच आहे. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळल्याचे राजदेव सिंह व मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले. कोणता तंतू कीड लागू देत नाही याचे ज्ञान त्या कारागिरांस असावे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. एटापल्लीत तणस कोणत्या मातीत, किती व का घालतात, हा प्रश्न याच मालिकेतील आहे.

७. शब्दाची पाठ

गिलाव्याच्या तुकड्यास जशी पाठ असते, तशी शब्दासही असते. वापरात दिसते ते त्याचे मुख. व्युत्पत्ती ही त्याची पाठ. या विषयातील काही शब्द उलटून पाहिले तर तेथेही काड्यांचे ठसे सापडतात.

‘भित्तिचित्र’ या शब्दातील ‘भित्ति’ हा संस्कृत शब्द ‘भिद्’, म्हणजे फोडणे, चिरणे, या धातूपासून आला आहे. भिंतीचा चिरण्याशी काय संबंध? शतपथ ब्राह्मणासारख्या प्राचीन ग्रंथात या शब्दाचा अर्थ चिरलेल्या बोरूंची तट्टी असा आढळतो. पुढे माती व वीट यांच्या भिंतीसही तोच शब्द लागू झाला. मराठी ‘भिंत’ हे त्याचेच रूप. म्हणजे पुण्यामुंबईच्या सिमेंटच्या भिंतीचे नाव मुळात एटापल्लीच्या चिरलेल्या कांबीचे आहे. ‘कूड’ हा शब्द संस्कृत ‘कुड्य’ यापासून आला. तेथे त्याचा अर्थ कोणतीही भिंत असा होता. मराठीत मात्र तो काड्यामातीच्या भिंतीपुरता संकुचित झाला. एका शब्दाचा अर्थ विस्तारला, दुसऱ्याचा आखडला. आणि दोन्हींच्या तळाशी तीच भिंत आहे.

युरोपात नेमकी हीच घटना घडली आहे. जर्मन भाषेत भिंतीस ‘वांड’ म्हणतात. हा शब्द ‘विंडेन’, म्हणजे वळणे, विणणे, या क्रियापदाशी संबद्ध आहे. दगडी तटभिंतीस मात्र ‘माउअर’ म्हणतात, आणि तो लॅटिन ‘मूरुस’ या शब्दापासून उसना घेतलेला आहे. विणलेली भिंत जर्मनांची स्वतःची. बांधलेली भिंत रोमनांकडून आली, आणि येताना नाव घेऊन आली.

गिलाव्याचे शब्दही असेच थरांचे आहेत. ‘गिलावा’ हा फारसीतून आलेला. त्यात ‘गिल’ म्हणजे माती व ‘आब’ म्हणजे पाणी हे दोन घटक आहेत. ‘चुना’ हे ‘चूर्ण’ शब्दाचे प्राकृतातून आलेले रूप. संस्कृतात चुन्यास ‘सुधा’ असेही म्हणत, आणि चुन्याने लिंपलेला तो ‘सौध’, म्हणजे वाडा. ‘लेप’ हा शब्द औषधाला व भिंतीला सारखाच लागतो. इंग्रजी ‘प्लास्टर’ हाही मुळात ग्रीक वैद्यकातील लेपाचा शब्द आहे. जखम आणि भिंत यांवर एकाच हाताने माया करावी, अशी ही दोन भाषांतील जुळणी आहे. ‘लिंपणे’ याच धातूशी परंपरा ‘लिपि’ शब्दही जोडते. मात्र येथे जपून पावले टाकावी लागतात. अशोकाच्या शाहबाझगढी येथील लेखात ‘दिपि’ असे रूप आहे आणि प्राचीन फारसीतही ‘दिपि’ हाच शब्द आहे. तेव्हा तो शब्द उसना असून ‘लिप्’ धातूच्या ओढीने त्याचे रूप पालटले, हे मत अधिक ग्राह्य दिसते. पाठ वाचताना ठसा मूळचा की नंतर उमटलेला हे तपासावेच लागते. गिलाव्यात आणि शब्दातही.

८. मर्यादा आणि कर्तव्य

या तुलनेची मर्यादा स्पष्ट करणे आवश्यक आहे. एटापल्लीचे घर हे रोमन घराचे किंवा ताम्रपाषाणयुगाचे अवशेष नव्हे. माडिया समाज हा विसाव्या व एकविसाव्या शतकांतून सर्वांबरोबर आलेला समाज आहे. त्याला भूतकाळाचा नमुना समजणे हे शास्त्रदृष्ट्या चुकीचे आणि माणुसकीच्या दृष्टीने अनुचित आहे. तुलना होते ती माती, काडी, पाणी आणि हात यांच्या वर्तनाची. ओली माती कांबीचा ठसा घेते, हा नियम टायबरकाठी आणि बांबूच्या वनात सारखाच लागू पडतो. त्यापुढे जाऊन श्रद्धा, समाजरचना किंवा चित्रांचे अर्थ यांविषयी अनुमान काढणे असमर्थनीय होय.

तथापि या मर्यादेतही एक निकडीची गोष्ट उरते. शासकीय घरकुलांच्या योजना, रस्ते आणि पत्रे यांमुळे एटापल्ली परिसरातील कुडाची घरे कमी होत आहेत. हे वाईट म्हणण्याचा अधिकार दुरून पाहणाऱ्यास नाही. जी गृहिणी दर पावसाळ्यानंतर भिंत लिंपते, तिला न गळणारे घर हवे असणे सर्वथा न्याय्य आहे. परंतु भिंत बदलताना तिच्याविषयीचे ज्ञान नोंदविल्यावाचून नाहीसे व्हावे, हे मात्र टाळता येण्यासारखे आहे. व्हिट्रुव्हियसने कुडाच्या भिंतीची निंदा केली, तरी तिची कृती लिहून ठेवली. म्हणून ती आज माहीत आहे. एटापल्लीच्या भिंतीची कृती अद्याप बहुतांशी हातांत आणि बोलीत आहे.

या कामी भाषेचा अभ्यासक आणि पुरातत्त्वाचा अभ्यासक यांनी एकत्र जावे हे इष्ट. माडिया बोलीच्या शब्दसंग्रहासाठी क्षेत्रकार्यास जाणाऱ्या विद्यार्थ्याने ‘भिंत’ या एका शब्दाचा प्रतिशब्द विचारून थांबू नये. उभी काठी, आडवी कांब, विणीचा प्रकार, पहिला थर, शेवटचा हात, मातीच्या जाती, लिंपण सुटणे, भिंत कलणे, या प्रत्येकास बोलीत काय म्हणतात, हे बोलणाऱ्याच्या तोंडून आणि शक्य तर काम चालू असताना टिपून घ्यावे. मराठी शब्दांची चौकट वरून लादली तर बोलीतील भेद दिसेनासे होतात. त्याच वेळी घरधन्याच्या संमतीने गळून पडलेला एखादा लपका घ्यावा. त्याचे मुख, पाठ व छेद यांचे छायाचित्र, मोजमाप आणि भिंतीतील स्थान नोंदवावे, आणि ज्या व्यक्तीने ती भिंत लिंपली तिचे श्रेय तिच्या इच्छेनुसार नमूद करावे. शब्द आणि लपका एकाच पत्रिकेवर नोंदले गेले, तर उद्या कोणत्याही उत्खननातील मूक तुकड्यापुढे बसलेल्या अभ्यासकास त्यांचा आधार मिळेल.

इ. स. ३०१ मध्ये सम्राट डायोक्लिशनने काढलेल्या दरपत्रकात भिंत रंगविणाऱ्याची रोजची मजुरी पंचाहत्तर दिनार आणि आकृती काढणाऱ्या चित्रकाराची दीडशे दिनार ठरविलेली आहे. मुख आणि पाठ यांच्या किमतीतील हा भेद तेव्हापासूनचा आहे. संशोधनाने तरी तो पाळू नये.